पाटीवरच्या आकड्याला नावं द्या

प्रति,
सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतल्या ज्या ज्या गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी आहे, त्या सर्व गावांच्या ग्रामसभांना

सप्रेम नमस्कार.

तुमच्या गावातली ती पाटी तुम्हाला ठाऊक असेलच. कुठे ती चावडीच्या भिंतीत आहे, कुठे शाळेच्या व्हरांड्यात, कुठे देवळाच्या आवारात. त्यावर इंग्रजीत, आणि कुठे कुठे मराठीतही, कोरलेलं असतं की १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. मजकूर तेवढाच. लढाई संपल्यावर सरकारने गावोगाव अशा पाट्या बसवल्या. काहींवर आता चुन्याचे थर चढलेत, काहींवर निवडणुकीची पोस्टरं चिकटवून खरवडल्याच्या खुणा आहेत, काही गावांनी मात्र त्या घासूनपुसून चांगल्या राखल्यात. पण राखलेल्या असोत की झाकलेल्या, बहुतेक पाट्यांवर गेलेल्यांची नावं नाहीत.

ती नावं शोधावीत, गावाने ओळखावीत आणि पाटीशेजारी कोरावीत, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र लिहितो आहे. विनंती जिल्हाधिकाऱ्यांना किंवा मंत्रालयाला न करता ग्रामसभेला का करतो, ते ओघात येईलच.

आमच्या गावच्या पाटीवर मेलेल्यांचा आकडा एक अंकी आहे. त्यात एक माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ. त्याचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. लिहिलं तर पत्र आमच्या एका घराचं होईल, आणि ते नाव बाकीच्यांच्या बरोबरीनेच दगडावर यायला हवं. आजी त्याला ‘धाकटा’ म्हणायची, मीही तेच म्हणतो.

धाकटा जन्मला तो १८९६-९७ च्या दुष्काळात. त्याच सुमारास मुंबईत प्लेग उठला आणि बघता बघता घाटावर चढला. पोरगं चालायला लागतंय न लागतंय तोच १८९९-१९०० चा दुष्काळ. १९१४ साली देशावरून पलटणीत भरती झालेली पिढी ही अशी होती. अर्धपोटी बाळपण काढलेली. भरतीच्या गोष्टी सांगताना आपण शिवकाळापासूनची परंपरा सांगतो आणि ती खोटी नाही, पण शिपायाला महिन्याला ११ रुपये मिळत आणि घरची जिरायत जमीन दोन भावांत वाटली तर दोघांपैकी कुणाचंच भागणार नव्हतं, हेही त्याच दमात सांगायला हवं. थोरल्याने जमीन बघायची आणि धाकट्याने पलटणीत जायचं, असं कितीतरी घरांत ठरलं. आमच्या घरातही असंच ठरलं होतं.

त्याच्याबद्दल जे काही कळलं ते आजीकडून, आणि आजीला तिच्या सासूकडून. म्हणजे धाकट्याच्या वहिनीकडून. तिला दिराचं जेवढं आठवत होतं ते सगळं शेतातलंच. रब्बीची ज्वारी खळ्यावर आली की राखणीला तोच जायचा, कारण थंडीत उघड्यावर झोपायची त्याला हौस. बैलाच्या मानेवरून नुसता हात फिरवून तो सांगायचा की याला आज जुंपू नका. भाकरी उभ्यानेच खायचा आणि वहिनीची त्यावरून बोलणी खायचा. पलटणीतून त्याचं एक पत्र आलं होतं. त्याला लिहिता येत नव्हतं, तेव्हा कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, आणि गावात शाळामास्तरांनी ते वाचून दाखवलेलं. पत्रात लढाईचा शब्द नव्हता. बैलाच्या खांदेसुजीवर तेल-हळद लावत जा, पाऊस किती झाला ते कळवा, आणि बांधावरच्या बाभळीला हात लावू नका, मी आलो की तिचंच औत करू, असा मजकूर. पत्र कधीच विरून गेलं. वहिनीला ते तोंडपाठ होतं, तिच्याकडून ते आजीला झालं आणि आजीकडून मला. ती बाभूळ पणजोबांनी हयातभर तोडू दिली नाही.

तो होता ११० व्या मराठा पलटणीत. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये तेव्हा १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. हे सैन्य आजच्या इराकात बसऱ्याला उतरलं आणि तैग्रिस नदीच्या काठाकाठाने वर सरकत नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या तोंडाशी, टेसिफोनला, जाऊन धडकलं. तिथे माणसं इतकी कापली गेली की मागे फिरावं लागलं. फिरलेलं सैन्य तैग्रिसकाठच्याच कूत या गावी येऊन थांबलं आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. तो उठला नाही. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजांचे सुमारे २३ हजार लोक मेले आणि जखमी झाले, तरी नाही. आत धान्य संपत आलं. घोडी-खेचरं कापून मांस वाटायला सुरुवात झाली तेव्हा आपल्या मुलांनी ते बराच काळ घेतलं नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून ‘खायला हरकत नाही’ असे निरोप बिनतारी संदेशाने मागवावे लागले. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली. वेढ्यातल्या सैन्याला आकाशातून रसद टाकण्याचा जगातला हा पहिला प्रयोग, पण तोंडं हजारो आणि विमानं मोजकी, तिथे काय पुरणार. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. सुमारे १३ हजार लोक कैद झाले, त्यांत बहुसंख्य हिंदी.

पुढचं ऐकवत नाही, पण पाटीवरच्या ‘प्राण दिले’ या दोन शब्दांखाली तेही दबलेलं आहे. वेढ्यात खंगलेल्या त्या माणसांना उन्हातून पायी बगदादला नेलं, तिथून वर मोसूलकडे आणि पुढे रास-अल-ऐनला. तिथे रेल्वेमार्गाचं काम चाललं होतं आणि कैद्यांना त्यावर लावलं. वाटेत आणि कामावर हगवण, ताप, उपासमार यांनी माणसं हजारोंनी गेली. धाकट्याच्या मृत्यूची नोंद १९१६ च्या उन्हाळ्यातली आहे, कूत पडल्यानंतरची. म्हणजे तो या वाटेवर कुठेतरी गेला.

घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे भाद्रपदात पितृपक्षाच्या चतुर्दशीला एक पान वाढलं जायचं, कारण हत्याराने गेलेल्यांची ती तिथी. लढाईला गेलेला पोरगा परत आला नाही, म्हणजे गोळी लागूनच गेला असणार, असं धरून पणजोबांनी ती तिथी लावून घेतली होती. आजी गेली तोवर आमच्या घरात धाकटा गोळी लागूनच गेलेला होता. खरं कळल्यावर तिथी बदलायची का, असं मी घरात विचारलं. वडील म्हणाले, राहू दे. पान अजून चतुर्दशीलाच वाढतो आम्ही.

त्याचं लग्न झालेलं होतं. मुलगी लहान, नांदायला यायची होती. ती पुन्हा आमच्या घरात आली नाही, तिच्या माहेरच्यांनी पुढे काय केलं ते कळत नाही, आणि तिचं नाव तर वहिनीलाही आठवत नव्हतं.

आता नावांकडे येतो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग नावाची एक संस्था आहे. १९१७ साली स्थापन झाली. दर्जा, धर्म, वंश न पाहता प्रत्येक मृत सैनिकाची आठवण सारखीच, आणि शक्यतो नावानिशी, राखायची हे तिचं मूळ तत्त्व. फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथल्या हिंदी सैनिकांच्या स्मारकावर चार हजार सातशेहून अधिक नावं आहेत. पण इराकात हे तत्त्व पाळलं गेलं नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे तेव्हाच्या इराकात, मरून ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचंही आहे. हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांची मात्र पलटणीपुरती नुसती संख्या. अमुक पलटण, इतके इतर. धाकटा गावच्या पाटीवरही आकड्यात आणि बसऱ्याच्या भिंतीवरही आकड्यातच. ते स्मारकसुद्धा १९९७ साली इराकी सरकारच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून बसऱ्याबाहेर तीसेक किलोमीटरवर वाळवंटात नेलं. तो भाग पहिल्या आखाती युद्धातली मोठी रणभूमी होता. तुमच्या-आमच्यातलं कुणी तिथे जाऊन हात जोडेल, असा संभव नाही.

२०२१ मध्ये आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने हा भेदभाव कागदावर मान्य केला. हिंदी, पूर्व आफ्रिकी, पश्चिम आफ्रिकी, इजिप्शियन आणि सोमाली मिळून ४५ ते ५४ हजार मृतांची स्मृती इतरांच्या तुलनेत असमान राखली गेली, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, लोकांची नावाने किंवा अजिबातच नोंद झाली नाही, असं त्या अहवालात आहे. माफीही मागितली गेली. मला ती माफी महत्त्वाची वाटते, पण तिने आपलं काम होत नाही.

आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. दगडावर कोरली नसली तरी मेसोपोटेमियातल्या हिंदी शिपायांची बरीचशी नावं कागदोपत्री होती, आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर आज कुणालाही फुकट बघता येतात. नाव, पलटण, शिपाई क्रमांक, मृत्यूची तारीख. आणि पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही. फक्त हे सगळं इंग्रजी कारकुनाच्या कानाने लिहिलेलं. शिपायाने आपल्या बोलीत सांगितलं, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने उतरवलं. धाकट्याच्या नोंदीत आमच्या गावाच्या नावातला ‘ळ’ जाऊन ‘ल’ आला आहे, शेवटचं अक्षर गळलंय, आणि तालुका म्हणून जे लिहिलंय ते तालुक्याचं गाव नसून आमच्या बाजाराचं गाव आहे. बापाच्या नावापुढचा ‘जी’ आडनावाला चिकटलाय. दिल्लीतल्या किंवा लंडनमधल्या कुणाला हे कधीच उलगडलं नसतं. माझ्या वडिलांना मी ती ओळ वाचून दाखवली, तर त्यांनी एका दमात सांगितलं, हे खालच्या आळीचं घर, आपलंच. त्या नोंदीच्या मागेपुढे आणखी दोन नावं होती. त्यातलं एक कुणाचं, तेही ते सांगू शकले. एकाचा मेळ अजून लागलेला नाही.

म्हणून हे पत्र ग्रामसभेला. अमक्या नावाचा माणूस अमक्या वाडीचा, त्याची भावकी ती, त्यांच्यातलं एक घर मुंबईला गेलं, एक अजून इथे आहे, हे ज्ञान कुठल्याही सरकारी कार्यालयात नाही. ते तुमच्या पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आहे, आणि त्यांच्यातल्याही ज्यांनी आपल्या आजा-आजीच्या तोंडून हे ऐकलंय अशांची वयं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्यानंतर संकेतस्थळावरची ती ओळ कोणाची, हे कुणालाच सांगता येणार नाही.

पंजाबातलं उदाहरण देतो. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्या पंजाबी सैनिकांच्या गाववार नोंदवह्या पडून होत्या, सुमारे ३ लाख २० हजार जणांच्या. त्यांतल्या काही जिल्ह्यांच्या वह्या २०२१ मध्ये सर्वांसाठी खुल्या झाल्या, आणि परदेशात स्थायिक झालेली नातवंडं-पतवंडं आपल्या गावाचं पान काढून पणजोबाचं नाव शोधू लागली. आपल्याकडे अशी आयती वही हाती नसली तरी दुसरा कागद आहे. तुमच्या गावची कोतवाल बुकं, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४. कुणबी नोंदींच्या निमित्ताने गेल्या दोन-तीन वर्षांत ही जुनी दप्तरं तहसिलीतून बाहेर निघाली, मोडी वाचणारी माणसं शोधून आणली गेली, पानंच्या पानं स्कॅन झाली. मोडी वाचणारा माणूस पंचक्रोशीत कोण, हे आज प्रत्येक गावाला माहीत आहे. त्यालाच विचारा. १८९० ते १९०० या काळातल्या जन्माच्या पानांत ही मुलं सापडण्याचा संभव आहे. मृत्यूच्या पानांत शोधू नका. परमुलखात मेलेल्याची नोंद गावात कोण करणार? जमिनीच्या कागदांतही बहुधा सापडणार नाहीत, कारण बाप हयात असताना मुलगा गेला, त्याचं नाव जमिनीला लागलंच नव्हतं, मग वारस लागायचा प्रश्न कुठे येतो. विशीतला शेतकऱ्याचा पोरगा कागदावरून किती सहज नाहीसा होतो, हे मला ती दप्तरं चाळताना कळलं.

यावर एक आक्षेप हमखास येईल. ही मुलं इंग्रजांसाठी लढली, त्यांची आठवण स्वतंत्र भारतातल्या गावाने कशाला ठेवायची? आक्षेप घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांच्यापैकी कितीतरी घरांतून बेचाळीसच्या चळवळीत माणसं तुरुंगात गेली. पण साताऱ्याचंच बघा. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार ज्या गावांतून चाललं, त्याच जिल्ह्यातली मुलं त्याच वेळी इटलीत आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लढत होती. एकाच भावकीतला एक भूमिगत आणि एक पलटणीत, असं असू शकत होतं. ते कुणासाठी लढले याचा हिशेब इतिहास लिहिणाऱ्यांनी जरूर करावा, कडकपणे करावा. पण जो पोरगा बाभळीचं औत करायला परत येणार होता, त्याची आई बादशहासाठी रडली नव्हती. त्याचं नाव गावाने लिहिलं तर साम्राज्याचा गौरव होत नाही, उलट ज्या साम्राज्याने त्याला आकडा करून ठेवलं त्याचं अपुरं काम गाव पुरं करतं. आणि आकडा लिहिलेली इंग्रजी पाटी गावात राहिलेलीच आहे की. ती काढावी असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ मध्ये उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथे एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर कोरली आहेत, आणि ते फार चांगलं झालं. आपली मुलं त्याच्या आधीची, त्यांची तिथे जागा नाही. इंडिया गेटवर तेरा हजारांच्या वर नावं आहेत, पण पहिल्या महायुद्धात मेलेले हिंदी सैनिक ७४ हजारांच्या पुढे. म्हणून जागा द्यायची तर ती गावानेच.

दुसऱ्या महायुद्धातल्यांसाठी तर बहुतेक गावांत आकड्याची पाटीसुद्धा नाही. त्या युद्धात ८७ हजारांवर हिंदी सैनिक मेले. रायगडकरांना माणगावच्या यशवंत घाडग्यांचं नाव सांगायला नको, तहसील कार्यालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले नाईक, वय २२. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशिनगनच्या तोंडी सापडली. ते एकटे पुढे धावले, हातगोळा टाकून मशिनगन बंद पाडली, तिच्यावरच्या आणखी एकाला गोळी घातली, बंदुकीला नवं मॅगझिन लावायला वेळ नव्हता तेव्हा दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं, आणि मग दबा धरलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोन्तोने नावाच्या छोट्या गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं.

मी ही हकीकत वाचतो तेव्हा दर वेळी एका वाक्याशी थांबतो. सन्मानपत्रात म्हटलंय की मशिनगनच्या माऱ्यात तुकडीनायक सोडून तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. सगळे म्हणजे कोण? तीही घाटावरची आणि कोकणातली मुलं असणार, विशीतली, शेतावरून गेलेली. घाडग्यांच्या आधी काही क्षण ती पडली. त्यांना पदक नाही, पुतळा नाही, आणि त्यांच्या गावांनाही बहुधा पत्ता नाही की आपला पोरगा त्या दिवशी त्या टेकडीवर होता. ज्याच्या शौर्याची नोंद झाली त्याला आपण विसरलो नाही, हे चांगलंच. पण पायदळात बहुतेकांच्या वाट्याला शौर्य दाखवायची वेळही येत नाही. ते चालत असतात आणि पडतात. मला त्यांच्यासाठी बोलायचं आहे.

यादी करताना एक सांभाळा, हात जोडून सांगतो. मराठा पलटणींपाशी थांबू नका. इंग्रजांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद केली होती. १९१७ मध्ये माणसं कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. पलटणीबाहेरही माणसं होतीच. खेचरवाले, पखालवाले, डोलीवाले, स्वयंपाकी, सफाईवाले, मजूर तुकड्यांतले लोक. वेढा त्यांनाही पडला होता, उपासमार त्यांचीही झाली. आजवर जिथे जिथे अशी यादी करायचा प्रयत्न झालेला मी पाहिला, तिथे ती गावठाणातल्या दोन-तीन आडनावांपाशी संपली. बौद्धवाडीत, रामोशी आणि धनगर वस्तीवर, मुसलमान घरांत जाऊन विचारा. तिथे कुणी सांगेल की आमचा एक जण गेला होता, पण कुणी विचारलंच नाही कधी. हे अर्धवट होणार असेल तर मी म्हणेन की थोडं थांबा, पण पूर्ण करा.

साताऱ्यातलं अपशिंगे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले, आणि गावाने आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ लावून ती ओळख आजतागायत वागवली. सगळ्या गावांना तसं जमणार नाही, जमायला हवं असंही नाही. ज्या गावातून दोघे गेले आणि एक परतला नाही, त्या गावात एका नावाचा प्रश्न आहे. ते एक नाव शोधायला एखादा शनिवार-रविवार लागेल.

तर करायचं काय, ते थोडक्यात लिहितो. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्या. गावातली मोबाइल सराईतपणे वापरणारी तीन-चार मुलं-मुली आणि जुनी घरं जाणणारे तीन-चार वडीलधारे यांना एकत्र बसवा. मुलांनी आयोगाच्या संकेतस्थळावर गावाचं नाव जितक्या प्रकारे चुकीचं लिहिता येईल तितक्या प्रकारे लिहून बघावं, तालुक्याचं आणि बाजारगावाचंही लिहावं, आणि जे निघेल ते मोठ्याने वाचावं. मोठ्याने वाचणं महत्त्वाचं आहे. डोळ्यांना न ओळखू येणारं नाव कानाला ओळखू येतं. वडीलधाऱ्यांनी सांगावं, हे कुणाचं. जे जुळेल ते लिहून घ्यावं, कुणी ओळखलं त्याच्या नावासकट. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला यादीची एक प्रत द्यावी. शाळेच्या मुलांना त्या घरांतल्या आज्ज्यांकडे पाठवावं, आणि नुसतं नाव-गाव न विचारता तो काय करायचा, कोणतं रान कसायचा, हे विचारायला सांगावं. आईचं नाव विचारा. बायको असेल तर तिचंही. आमच्या घरात ते राहिलं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगाव शिलाफलक बसले. गावच्या वीरांची नावं त्यावर यावीत अशी ती कल्पना होती. तुमच्या गावच्या फलकावर १९४७ च्या आधीचे आले असतील तर अर्धं काम झालंय. नसतील तर वेगळा दगड लागेल. त्याला फार खर्च नाही, यात्रेच्या वर्गणीतून निघेल. त्यावर कुणाच्या शुभहस्ते आणि कुणाच्या प्रयत्नाने हे लिहू नका, जागा नावांना लागेल. नाव, बापाचं-आईचं नाव, वाडी किंवा वस्ती, पलटण, कुठे गेला, कोणत्या साली. मराठीत, आपल्या उच्चाराप्रमाणे. जुनी पाटी हलवू नका, नवा दगड तिच्या शेजारी बसवा.

आणि दगड घडवायला द्याल तेव्हा खाली चार-पाच ओळींची जागा कोरी ठेवायला सांगा. सगळी नावं एकदम सापडणार नाहीत. आमच्याकडचं ते तिसरं नाव अजून जुळायचं आहे.

आपला,
पाटीवरच्या आकड्यातल्या एकाचा भाऊबंद